ताल येतो, पण वाचता येतो का?



मी परतूरला मराठी शिकवतो. संगीताचा शिक्षक नाही. मला कुठलंही वाद्य धड वाजवता येत नाही, परिपाठाला पेटी वाजते तेव्हा मी मागं उभा असतो. तरी आज ताल या विषयावर लिहायला बसलोय, कारण गेल्या दिवाळीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याची आई घरी आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही तरी ह्याला काही सांगा. चार वर्षं दुसरं काही केलं नाही. आता म्हणतो गिटार इकून टाकतो."

पोरगा तसा हुशार. आठवीत असताना गावाकडच्या सप्ताहात पखवाजावर बसायचा. हात चांगला होता. बारावीनंतर छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेला, तिथं मित्रांच्या नादानं बेस गिटार हातात घेतली. जुनीच, कुणाची तरी वापरलेली. दोन वर्षांत कॉलेजच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव झालं. मग पुण्यातल्या एका वाद्यवृंदानं चाचणीसाठी बोलावलं. समोर स्टँडवर एक कागद ठेवला. ह्यानं विचारलं, "एकदा गाणं ऐकवता का?" ते म्हणाले, "कागदावर आहे की सगळं." तीन ओळी कशातरी गेल्या, चौथ्या ओळीत हा हरवला तो परत सापडलाच नाही. त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. रात्रीच्या गाडीनं परतूरला आला तेव्हापासून गिटारची पिशवी कपाटामागं.

मी त्याला म्हणालो, "अरे, सप्ताहात तासन् तास पखवाज वाजवणाऱ्या पोराला ताल येत नाही असं कसं होईल?"

तो म्हणाला, "सर, ताल येतो. वाचता येत नाही."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण शिक्षक आहोत. बोलता येणाऱ्या पण वाचता न येणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? निरक्षर म्हणतो. आणि त्यात त्याचा दोष आहे असं आपण मानत नाही. त्याला कुणी शिकवलं नाही असं म्हणतो. मग ह्या पोराच्या बाबतीत तो "कुणी" कोण? ह्या प्रश्नाचं उत्तर शोधताना बोट माझ्याकडंच वळलं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख.

बेस म्हणजे छाती हादरवणारा आवाज नव्हे

आधी वाद्याविषयी दोन शब्द. आपल्याकडं "बेस" म्हटलं की मिरवणुकीतल्या डीजेचा धाडधाड आवाज आठवतो. एका पालकांनी मला तसंच विचारलं होतं. बेस गिटार ही वेगळी गोष्ट. तिला साधारण चार तारा असतात. साध्या गिटारच्या जाड चार तारांचीच नावं, पण सूर एक सप्तक खाली. सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण 41 वेळा कंप पावते, इतका खोल आवाज. लिओ फेंडर यांनी 1951 साली बाजारात आणलेल्या बेस गिटारनंतर हे वाद्य जगभर पसरलं आणि आपल्या हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही आलं. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार तुम्ही नाव माहीत नसताना शेकडो वेळा ऐकली असेल.

गाण्यात बेसचं काम काय? आपल्या भाषेत सांगायचं तर डग्ग्याचं. तबल्याची चाटी बोलते, पण गाण्याला खाली धरून ठेवतो तो डग्गा. बेसवाला एका हातानं तालाला आणि दुसऱ्या हातानं सुराला धरून असतो. गायक थोडा मागंपुढं झाला तर चालतं, उलट रंगत येते. बेसवाला मागंपुढं झाला तर सगळं गाणं लंगडतं, आणि ऐकणाऱ्याला नक्की काय बिघडलं हे कळतही नाही. म्हणून ह्या वाद्यात अवघड सूर कमी आणि अवघड ताल जास्त. बेस शिकणाऱ्यानं ताल वाचायला शिकणं ही चैन नाही, रोजची भाकरी आहे.

गोव्याची मुलं वाचायला शिकली होती

हा प्रश्न महाराष्ट्रात नवा नाही. मुंबईच्या सिनेमासंगीतात तो फार पूर्वी येऊन गेला.

पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चना जोडून शाळा असत. तिथं मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. आधी वाचून गायचं, ताल हातानं द्यायचा, मग व्हायोलिन वगैरे हातात. त्या शाळांतून शिकलेली मुलं पुढं मुंबईला आली, हॉटेलांच्या बँडमध्ये वाजवू लागली आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेली. चाल बांधणारे संगीतकार बहुतेक आपल्या परंपरेतले, तोंडी चाल सांगणारे. पण पन्नास-साठ वादकांनी एकाच वेळी एकाच खोलीत वाजवायचं तर प्रत्येकाला काय वाजवायचं ते लिहून द्यावं लागतं. ते लिहिणारे ॲरेंजर म्हणजे सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्सालविस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोव्याचे लोक. माजोर्ड्याला 1927 साली जन्मलेले अँथनी गोन्सालविस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' मधलं ते प्रसिद्ध नाव शिष्यानं गुरूला दिलेला मान आहे. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा यांनीही मुंबईत कितीतरी वादकांना स्वरलिपी वाचायला शिकवली.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट बघा. गोव्याच्या मुलाच्या अंगात आपल्या मराठवाड्याच्या मुलापेक्षा ताल जास्त होता असं मुळीच नाही. सप्ताहात वाढलेल्या लेकराला ताल काय शिकवायचा! फरक एवढाच की गोव्याच्या मुलाला लहानपणी कुणीतरी कागदावरचा ताल वाचायला शिकवलं. त्या एका कौशल्यावर त्याला मुंबईत काम मिळालं.

आपल्याकडंही लिपी आहे

"हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपलं तोंडी परंपरेचं," असं कुणी म्हणेल. पण पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. दोघांनीही आपापली स्वरलिपी तयार केली. भातखंडे पद्धतीत समेला × , खालीला 0, टाळ्यांना आकडे, विभागाला उभी रेघ आणि एका मात्रेत बसणाऱ्या अक्षरांना खालून एक कमान. किती साधं आहे! सोळा मात्रांचा त्रिताल, दहाचा झपताल, सातचा रूपक, सहाचा दादरा, आठचा केरवा, सगळे एका ओळीत मावतात.

आपली मुलं हे लिहितातही. तबल्याच्या परीक्षांना ताल लिपीत लिहा, दुगुण लिहा असे प्रश्न असतात. दहावीला शास्त्रीय कलेचे सवलतीचे गुण मिळतात म्हणून बरेच पालक ह्या परीक्षा देववतात. त्यात वाईट काही नाही. पण मुलं ते पाठ करून लिहितात. न पाहिलेली नवी ओळ समोर ठेवली आणि "ही टाळी देत म्हणून दाखव" म्हटलं तर किती जण म्हणतील? पाठ असलेली कविता धडाधड म्हणणारा पहिलीचा मुलगा वाचतोय असं आपल्याला वाटतं, तसंच हे आहे. आपण बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं की त्याचं पितळ उघडं पडतं.

आमच्या पोराचं तेच झालं होतं. पखवाजाचे बोल गुरूच्या तोंडून आले, बेसच्या ओळी मोबाईलवर ऐकून आल्या. कान तयार, हात तयार, डोळे मात्र कोरे.

पाव, अर्धा, पाऊण, दीड

त्यानं मोबाईलमध्ये त्या कागदाचा फोटो ठेवला होता. मला दाखवला. काळे ठिपके, दांड्या, शेपट्या. मी म्हणालो, मला समजावून सांग. समजावून सांगताना माणूस स्वतः शिकतो हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे.

तो म्हणाला, साध्या चार मात्रांच्या चालीत पोकळ बिनदांडीचं चिन्ह चार मात्रांचं. पोकळ पण दांडीचं दोन मात्रांचं. भरीव दांडीचं एक मात्रेचं. त्याला एक शेपटी लागली की अर्धी मात्रा, दोन शेपट्या लागल्या की पाव. चिन्हाच्या उजवीकडं टिंब आलं की त्याची लांबी दीडपट. आणि दोन उभ्या रेघांमधल्या घरात सगळ्यांची बेरीज बरोबर चार झालीच पाहिजे.

मी म्हणालो, "अरे, हे तर अपूर्णांकांचं गणित. आमच्या वडिलांच्या पिढीनं पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी पाठ केली होती. त्यांना हे एका दिवसात आलं असतं."

गंमत म्हणून बोललो, पण तेच कामाला आलं. त्यानं वहीत घरं आखली आणि प्रत्येक चिन्हावर मराठी शब्द लिहिला. शेपटीवाल्याला टिंब लागलं की अर्ध्याची दीडपट, म्हणजे पाऊण. त्याच्या मागून दोन शेपट्यांचं पाव. पाऊण आणि पाव मिळून एक. भरीव चिन्हाला टिंब म्हणजे दीड, मागून अर्धा, मिळून दोन. बेसच्या ओळींत ही "दीड-अर्धा" ची जोडी फार येते. इंग्रजी नावांनी जे चार वर्षं डोक्यात बसत नव्हतं ते दीड आणि पाऊण म्हटल्यावर संध्याकाळी बसलं. इंग्रजीत ह्या अपूर्णांकांना असे सुटसुटीत एकेरी शब्द नाहीत. आपल्या भाषेत आहेत आणि आपण ते वापरत नाही.

सराव कसा केला

मग आम्ही दोघांनी मिळून सरावाचा एक क्रम ठरवला. तो मुद्दाम सविस्तर देतोय, कारण तबला, ढोलकी, शाळेचं बँड पथक, कशालाही तो चालेल.

पहिली गोष्ट, वाद्य बाजूला. पायानं मात्रा, हातानं टाळी, तोंडानं बोल. वेग मिनिटाला 60, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक. त्यासाठी ॲपही लागत नाही. आपले तबलजी हेच करतात, त्याला पढंत म्हणतात. जे तोंडानं म्हणता येत नाही ते हातानं वाजणार नाही.

दुसरी गोष्ट, आकृत्या शब्दासारख्या ओळखायच्या. एका मात्रेला "ता". दोन अर्ध्यांना "तक". तिनात वाटली तर "तकिट". चार पावांना "तकधिमि". हे बोल दाक्षिणात्य कोन्नकोलमधले. मुंबईत वाढलेली बेसवादक मोहिनी डे हिचं वाजवणं ऐकलं की त्या बोलांचा ठसा लगेच कळतो. पहिलीत आपण मुलाला आधी क, म, ळ दाखवतो, पण तो "कमळ" हा शब्द एका नजरेत वाचू लागला तरच त्याला वाचन आलं म्हणतो. तसंच चार शेपट्या मोजत बसायचं नाही, "तकधिमि" दिसली पाहिजे. रोज पाच आकृत्या कागदाच्या तुकड्यांवर लिहून पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि येतील तशा म्हणायच्या.

तिसरी गोष्ट, ताल आणि सूर वेगळे करायचे. गिटार हातात घेतली तरी पहिले काही दिवस एकच तार. डोळ्यांनी ताल वाचायचा आणि बोटांनी जागाही शोधायच्या, ही दोन ओझी एकदम घेतली की दोन्ही सांडतात.

चौथी गोष्ट मला सगळ्यात शिकवून गेली. तो म्हणाला, "सर, सूर कधी सुरू करायचा ते सगळ्यांना कळतं. कधी थांबवायचा ते बेसवाल्याला कळावं लागतं." बेसची मोकळी तार सोडून दिली तर वाजतच राहते. कागदावर अर्ध्या मात्रेची शांतता लिहिली असेल तर ती बोट टेकवून वाजवावी लागते. शांतता आपोआप होत नाही. आपल्या तालात खाली आहे ना, तिथं आपण टाळी देत नाही पण हात हलवतो, मोजतो. विसरत नाही. तसंच. हा जिथं जिथं चुकायचा त्यातल्या बहुतेक जागा शांततेच्या होत्या, सुरांच्या नव्हत्या.

पाचवी गोष्ट, डोळा पुढं. तोंडात पहिली मात्रा असेल तेव्हा डोळा दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर हवा. मोठ्यानं वाचणारा चांगला विद्यार्थी नकळत हेच करतो. त्यासाठी मी वहीचा जाड कागद घेऊन बसायचो आणि तो जे घर म्हणतोय ते झाकत जायचो. त्यामुळं नजर पुढं सरकवावीच लागते.

सहावी गोष्ट, चुकलं तरी थांबायचं नाही. हे आम्हा शिक्षकांना पचायला अवघड. वर्गात मूल अडखळलं की आपण लगेच थांबवतो, "पुन्हा वाच." तालात मागं जाता येत नाही. घर गेलं ते गेलं, पुढच्या समेवर येऊन मिळायचं. चाचणीत त्याचं हेच झालं. एका घरात चुकला, ते मनात दुरुस्त करत बसला आणि तोवर बाकीची ओळ निघून गेली. म्हणून आम्ही एक दिवस फक्त चुकायचा सराव केला. मी मधेच टाळी वाजवायचो, तेवढं घर त्यानं सोडायचं आणि पुढच्या घराच्या एकवर हजर व्हायचं.

सातवी, आधार काढून घ्यायचा. मोबाईलवरच्या मेट्रोनोमची टिकटिक आधी चारही मात्रांवर, मग फक्त दोन आणि चारवर, मग चार मात्रांत एकदाच. सायकल शिकवताना आपण सीटचा हात हळूच सोडतो, तसं. लय यंत्रातून निघून स्वतःत आली की नाही ते इथं कळतं.

आणि शेवटची, श्रुतलेखन. गाणं लावायचं आणि बेसची चार घरं ऐकून लिहायची. शब्दांचं श्रुतलेखन आपण घेतोच. तालाचंही घेता येतं.

रोज अर्धा तास, जास्त नाही. रोज मात्र.

आता माझा कबुलीजबाब

एका संध्याकाळी तो त्याच चौथ्या ओळीवर आला जिथं पुण्यात हरवला होता. तिथं एक सूर एका मात्रेच्या शेवटी सुरू होऊन पुढच्या मात्रेच्या आत जाऊन संपत होता. दोन चिन्हं वरून कमानीनं जोडलेली. म्हणजे पुढची मात्रा पायात पडते, पण त्यावर नवा सूर नसतो. मेंदू तिथं घोटाळतो.

मी सहज म्हणालो, "हे भुजंगप्रयातासारखं आहे." आणि म्हणता म्हणता गप्प झालो.

दहावीला आपण वृत्तं शिकवतो. लघू एक मात्रा, गुरू दोन मात्रा. भुजंगप्रयात म्हणजे य गण चार वेळा, लगागा लगागा लगागा लगागा, बारा अक्षरं. आपल्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदासांचं जन्मगाव, आणि त्यांचे मनाचे श्लोक ह्याच वृत्तात. आमच्या भागातल्या लेकरांच्या कानात हे वृत्त शाळेत यायच्या आधीपासून असतं. ह्या पोरालाही मीच शिकवलं होतं. अक्षरांवर चिन्हं करून गण पाडून वृत्ताचं नाव लिहायचं. त्याला त्या प्रश्नाला पूर्ण गुण होते.

पण मी एकदाही वर्गाला टाळी देऊन ते म्हणायला लावलं नव्हतं.

आता मोजून बघा. लगागा म्हणजे एक अधिक दोन अधिक दोन, पाच मात्रा. दोन गण म्हणजे दहा, झपतालाचं एक आवर्तन. पूर्ण चरण वीस मात्रांचा, दोन आवर्तनं. झपतालात टाळी पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, खाली सहावीवर, पुन्हा टाळी आठवीवर. मग लगागा म्हणताना ल येतो पहिल्या मात्रेवर, पहिला गा सुरू होतो दुसरीवर आणि तिसरीतही चालू राहतो, दुसरा गा चौथी-पाचवीवर. म्हणजे तिसऱ्या मात्रेची टाळी पडते तेव्हा तोंडात नवं अक्षर नसतं, आधीचाच गुरू लांबलेला असतो. परिपाठात म्हणायची चाल निराळी असते, ती सध्या विसरा, इथं फक्त मात्रा मोजा. पोराला पुण्यात ज्या जोडलेल्या चिन्हानं पाडलं, तेच हे. तो प्रश्न त्यानं दहावीत माझ्याकडं सोडवला होता. कागदावर. तोंडानं आणि हातानं कधीच नाही.

म्हणजे बघा कसं झालं. सप्ताहात त्याला ताल मिळाला पण चिन्हं मिळाली नाहीत. माझ्या वर्गात चिन्हं मिळाली पण ताल मिळाला नाही. दोन्ही अर्धी एकाच मुलात होती आणि त्यांची गाठ घालून द्यायचं काम ज्याचं होतं तो मी, गण पाडून मोकळा झालो.

"पण सर, हे आमचं काम आहे का?"

शिक्षक खोलीत हा विषय काढला तर दोन हरकती आल्या. दोन्ही खऱ्या आहेत.

एक म्हणजे, आपले मोठमोठे वादक कुठं कागद वाचतात? बरोबर आहे. पण त्यांच्यासमोर वर्षानुवर्षं गुरू बसलेला असतो. तोंडी परंपरा म्हणजे लिपीशिवायचं शिक्षण, गुरूशिवायचं शिक्षण नव्हे. आमच्या पोरासमोर बेसचा गुरू कुठून येणार? त्याच्यासमोर मोबाईल होता. ज्या गावात त्या वाद्याचा गुरू नाही तिथं कागद हाच गुरू, आणि तो वाचता आला नाही तर दार बंद. मोठ्या शहरात राहणाऱ्या मुलाला एकवेळ वाचता आलं नाही तरी चालेल, त्याला दहा जण शिकवणारे भेटतील. वाचनाची गरज परतूरच्या मुलाला जास्त आहे. आणि वाचता आलं म्हणून कान बंद होत नाहीत. लिहायला शिकल्यानं कुणाचं बोलणं बंद झालंय का?

दुसरी हरकत वेळेची. संगीताचा तास वेळापत्रकात असतो आणि परीक्षा जवळ आली की त्यावर गणित बसतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी नवा तास मागत नाही. आहेत त्या तासांतली दहा मिनिटं मागतोय. मराठीच्या तासाला वृत्त आलं की आधी टाळी देऊन म्हणायचं, मग चिन्हं करायची, मग फक्त चिन्हं फळ्यावर लिहून मुलांकडून ताल म्हणवून घ्यायचा. गणिताच्या तासाला अपूर्णांकांची बेरीज आली की एक रिकामं घर आखायचं, "चार मात्रा भरा, पण सगळी चिन्हं सारखी नकोत," आणि मुलानं जे भरलं ते वर्गानं टाळ्यांनी वाजवायचं. बेरीज चुकली तर कानाला लगेच कळतं. लाल शाई लागत नाही. लेझीम घेताना क्रीडाशिक्षकांनी ठोक्यांची ओळ आधी फळ्यावर लिहावी. एवढंच.

यंदा आठवीच्या वर्गात मी हे करून बघितलं. पहिल्या दिवशी गोंधळ झाला, शेजारच्या वर्गाच्या मॅडम बघायला आल्या. चौथ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो वाचताना अडखळतो म्हणून कधी उभा राहत नाही, त्यानं फळ्यावरची ओळ न चुकता टाळीवर म्हणून दाखवली. त्याचे वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वर्गात काहीतरी "वाचता" आलं. त्याच्या तोंडाकडं बघून मला कळलं की मी किती वर्षं वाया घालवली.

पालकांनाही एक विनंती. मूल बाकावर टकटक करतं, डब्यावर ठेका धरतं, तेव्हा "गप बस" म्हणण्याआधी एकदा विचारा, "तू आत्ता वाजवलंस ते लिहून दाखवशील?" त्याला येणार नाही. मग दोघं मिळून लिहा. पाव, अर्धा, पाऊण, एक. एवढं तर आपल्या सगळ्यांना येतं.

आणि तो पोरगा? गिटार विकली नाही. एकदम भराभर वाचायला लागला असंही नाही. वेग 60 वरून 80 वर गेला की शांततेच्या जागा अजून निसटतात. पुण्याला परत कधी जायचं ते त्यानं ठरवलेलं नाही, मीही विचारत नाही. परवा त्याची आई बाजारात भेटली. मी म्हणालो, "काय ताई, वाजवतो का?"

"वाजवतो कमी अन् बोलतोच जास्त," ती म्हणाली. "रात्री गच्चीवर बसून एकटाच तक तकिट म्हणत असतो. शेजारचे इचारतात, पोराला काय झालंय."

मी म्हणालो, "त्यांना सांगा, वाचायला शिकतोय."